इंटर्न बुजरा असेल तर: पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेटपर्यंत

सकाळी साडेदहाला येतो, ‘गुड मॉर्निंग सर’ इतकं हळू म्हणतो की खुर्चीलाच म्हणाला असं वाटावं, आणि सहा वाजेपर्यंत मान वर करत नाही. काही विचारलं की ‘हो सर’. अडलं तरी सांगत नाही, काम संपलं तरी सांगत नाही. स्क्रीनकडे बघत बसून राहतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आठ-दहा जणांच्या गाळ्यापासून नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींपर्यंत असा इंटर्न कुठे ना कुठे बसलेला असतोच. आणि ज्याला स्वतःच्याच कामातून फुरसत नाही, नेमकं त्याच्याच गळ्यात या मुलाला सांभाळायचं काम येतं.

बहुतेक ऑफिसं यावर एकच औषध करतात: मुलाला ‘मोकळं’ करायला जातात. चिडवायचं, कुणाच्या वाढदिवसाला दोन शब्द बोलायला लावायचं, ‘अरे बोल की, आम्ही काय खातो का तुला’ म्हणायचं. त्याने मुलगा आणखी आक्रसतो. वीस वर्षांचा स्वभाव तीन महिन्यांत बदलत नाही, आणि तो बदलायला आपल्याला कुणी नेमलेलंही नाही. आपल्या हातात असते ती कामाची बाजू: किती द्यायचं, कसं सांगायचं, विचारायची वेळ कुठली, चूक कुठे दाखवायची. एवढं बसवलं की न बोलणारा मुलगाही चोख काम देतो. पुढची उदाहरणं अकाउंट्सच्या ऑफिसातली आहेत, कारण तिथे गडबड लगेच आकड्यांत दिसते. ‘तो’ लिहिलंय तिथे ‘ती’सुद्धा धरा, फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

तो यायच्या आधी

रुजू व्हायची तारीख बघून ठरवा. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), १४ ला २बी (माल देणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) येणार, २० ला ३बी (महिन्याचा हिशेब आणि कर). दरमहा रिटर्न भरणाऱ्या ऑफिसात ७ ते २० या दिवसांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. १ तारीख ऐकायला छान वाटते, पण आठवड्याच्या आत सगळे गुरगुरायला लागतात आणि बुजऱ्या मुलाला वाटतं, हे आपल्यामुळेच. त्याला २१-२२ ला बोलवा. पंधरा दिवस शांततेचे मिळतात, तोवर बिलं चढवायला हात बसतो आणि पुढच्या धावपळीत तो खरोखर उपयोगी पडतो.

आदल्या दिवशीच मशीन, मेल आयडी, वाय-फायचा पासवर्ड आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं त्याचं स्वतःचं युजर नाव तयार ठेवा. दुसऱ्याच्या लॉगिनवर बसवलं की चूक कुणाची ते कळत नाही आणि संशय हमखास नव्या पोरावर जातो. त्याच्या युजरला एंट्री करायचा आणि बघायचा अधिकार द्या, डिलीटचा देऊ नका, आणि दिला नाही हे त्याला सांगा. आपल्या हातून काहीतरी पुसलं जाईल या भीतीने ही मुलं हात आखडून बसतात. पुसताच येत नाही म्हटलं की हात चालायला लागतो.

बसायची जागा हा वाटतो तेवढा किरकोळ विषय नाही. दाराशी बसवलं तर कुरियरवाल्यापासून पाणीवाल्यापर्यंत सगळे त्यालाच विचारणार, आणि त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसणार. साहेबांच्या केबिनकडे पाठ करून बसवलं तर दिवसभर मानेवर नजर. कॉन्फरन्स रूममध्ये एकट्याला बसवलं तर मीटिंग लागली की लॅपटॉप छातीशी धरून पॅसेजमध्ये उभा. तेच काम करणाऱ्या, तीन-चार वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याच्या शेजारी बसवा. समोर नाही, शेजारी. शेजारी बसलं की दोघांचीही नजर स्क्रीनवर राहते, डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. अवघडलेल्या माणसाला हा फार मोठा दिलासा असतो.

त्या शेजाऱ्याला ‘याच्याकडे जरा बघ’ एवढंच सांगून भागत नाही. दिवसातला पाऊण तास त्याच्या स्वतःच्या कामातून वजा करून द्या. नाहीतर तो हसून हो म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी ‘यूट्यूबवर आहे बघ सगळं’ म्हणून मोकळा होईल.

पहिला अर्धा तास

कंपनीचा इतिहास नंतर. आधी बाथरूम दाखवा. जुन्या गाळ्यांत ते मजल्याच्या टोकाला असतं, तीन-चार ऑफिसांत मिळून एक, आणि चावी कुठल्यातरी खिळ्याला अडकवलेली. बुजरा मुलगा हे विचारणार नाही. पाणी न पिता दिवस काढेल. मुलगी असेल तर ऑफिसातल्या एखाद्या बाईने तिला नेऊन दाखवावं, चावी, आतली कडी नीट लागते का आणि पॅड टाकायची सोय यासकट. मग पिण्याचं पाणी, डबा ठेवायची जागा, चहा किती वाजता येतो.

नंतर हाका. कुणाला सर, कुणाला मॅडम, कुणाला ताई, चहा देणाऱ्यांना मामा की काका, हे स्पष्ट सांगा: ‘मला ताई म्हण, केबिनमधले ते सर, आणि कोपऱ्यातल्या काकांना काकाच.’ दहा सेकंदांचं काम आहे, पण ते केलं नाही तर काय होतं ते बघा. कुणाला काय म्हणायचं ते ठाऊक नसलं की मुलं हाकच मारत नाहीत. ती येऊन मागे उभी राहतात, आपल्याला चाहूल लागते, आपण दचकतो, ‘काय रे?’ असं जरा जोरातच निघतं आणि मुलगा ‘काही नाही सर’ म्हणत परत जाऊन बसतो. प्रश्न तिथेच राहतो.

तुम्हीही त्याला नावानेच हाक मारा. ‘ए इंटर्न’, ‘ए छोटू’ नको. विशीतल्या मुलाला ‘तू’ म्हणण्यात इकडे कुणाला वावगं वाटत नाही. मात्र मराठी माध्यमातल्याला ‘तू’ आणि त्याच दिवशी आलेल्या फाडफाड इंग्रजी बोलणारीला ‘तुम्ही’, हे मुलं पहिल्या तासात टिपतात.

सगळ्यांसमोर उभं करून ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ करायला लावू नका. ज्यांच्याशी त्याचा संबंध येणार त्या चार टेबलांपाशी त्याला न्या आणि प्रत्येक ठिकाणी एक वाक्य तुम्हीच बोला.

पहिलं काम: पाच बिलं, पन्नास नाही

‘ही फाइल घे, परचेसची बिलं आहेत, टॅलीत टाक’ असं म्हणून दोनशे बिलांचा गठ्ठा देणं, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पहिल्या बिलाला काही चुकलं तर न विचारणारा मुलगा तीच चूक दोनशे वेळा करतो, अगदी प्रामाणिकपणे. मग त्या एंट्र्या सुधारायला दोन दिवस आणि ‘याला काही येत नाही’ हा शिक्का कायमचा.

पाच बिलं द्या. पहिलं तुम्ही चढवा, काय करताय ते तोंडाने बोलत बोलत. दुसरं त्याला करू द्या, तुम्ही फक्त बघा आणि माउसला हात लावू नका. हे अवघड जातं, पण हात पाठीमागे बांधा हवं तर. उरलेली तीन त्याची त्याने करायची, तुम्ही उठून जायचं. पाचही झाली की तपासायची, मग पंधरा द्यायची, मग पूर्ण फाइल. यात पहिल्या दिवशी पाऊण तास जातो. पुढे तो कितीतरी पटीने वसूल होतो.

सोबत एक पान लिहून द्या, तोंडी सूचना संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. त्या पानावर काय हवं? टॅक्स इनव्हॉइसच चढवायचं. प्रोफॉर्मा (आधी पाठवलेलं कच्चं बिल) आणि डिलिव्हरी चलन (मालासोबतचा कागद) बाजूला काढायचं. पार्टीचा, म्हणजे बिल देणाऱ्याचा, जीएसटी नंबर पंधरा अक्षरी आहे का ते मोजायचं. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्राचे अंक २७. आपली नोंदणी महाराष्ट्रातली, तेव्हा पार्टीचा नंबर २७ ने सुरू होत असेल तर बिलावर बहुतेक वेळा सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) असणार, दुसऱ्या राज्याचा असेल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर). तसं नसेल तर बिल स्वतःच्या मनाने दुरुस्त करायचं नाही, बाजूला ठेवायचं. परराज्यातल्या हॉटेलचं बिल या नियमात बसत नाही, कारण तिथे कर त्या राज्याचा लागतो. हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर सुरतेच्या मुक्कामाच्या एका बिलावर त्याची पूर्ण सकाळ जाईल.

बिल नंबर जसा छापलाय तसाच टाकायचा, पुढच्या शून्यासकट आणि तिरक्या रेघेसकट. ‘०४५/२५-२६’ चं ‘४५’ केलं तर २बीशी ताळा घेताना ते जुळणार नाही आणि बिल सापडत नाही म्हणून आपणच पार्टीला फोन लावून बसू. तारीख बिलावरची, माल आला त्या दिवशीची नाही. आणि पैशांचा फरक: बेरीज चाळीस पैशांनी जुळत नाही म्हणून गप्प बसून तासभर तेच आकडे पुन्हा पुन्हा मारणारी मुलं असतात. ‘रुपयाच्या आतला फरक राउंड ऑफला टाक, रुपयाच्या वरचा मला दाखव’ हे एक वाक्य त्या पानावर ठळक लिहा.

एक्सेलमध्ये काम देणार असाल तर आणखी दोन गोष्टी. एक्सेल पंधरा अंकांपुढचा आकडा धरून ठेवत नाही. सोळा अंकी खाते नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्यायचा आणि मगच नंबर पेस्ट करायचे. दुसरं, मशीनची तारखेची मांडणी अमेरिकन असेल तर ५ जूनचा ६ मे होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या मुलाला यात दोष देण्यासारखं काही नाही, पण सापडतो तो तोच.

आता गप्प मुलासाठीची खरी युक्ती: तीन ट्रे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे साधे प्लॅस्टिकचे. एकात नवीन बिलं, एकात झालेली, एकात अडलेली. अडलेल्या प्रत्येक बिलावर पिवळी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एका ओळीत प्रश्न: ‘जीएसटी नंबर चौदाच अक्षरी आहे’, ‘शिक्का बिल नंबरवर आलाय’. यात त्याला तोंड उघडावं लागत नाही आणि तुम्हाला जाता-येता दिसतं की गाडी कुठे थांबली आहे. नवीनचा ट्रे भरलेला, झालेल्याचा रिकामा आणि अडलेल्याचाही रिकामा, असं दुपारी दिसलं तर समजा, तो पहिल्याच बिलावर अडकून बसलाय. सगळं काम स्क्रीनवरच चालत असेल तर शीटमध्ये ‘शंका’ नावाचा एक रकाना ठेवा. काम तेच होतं.

‘समजलं का?’ विचारणं बंद करा

या प्रश्नाला बुजरा मुलगा एकच उत्तर देऊ शकतो. ‘नाही’ म्हणणं म्हणजे तुमचा वेळ वाया घालवल्याची कबुली, असं त्याला शाळेपासून शिकवलं गेलंय. म्हणून ‘हो सर’. त्या ‘हो’चा अर्थ समजलं असा नसतो, ‘आता मला जाऊ द्या’ असा असतो.

त्याऐवजी विचारा: ‘आता जाऊन पहिलं काय करशील?’ किंवा ‘या बिलात आयजीएसटी लागेल की दुसरा?’ उत्तर कामाबद्दल असतं, त्याच्या अकलेबद्दल नाही, त्यामुळे ते येतं. चुकीचं आलं तर बरंच झालं, आत्ताच कळलं. विचारल्यावर पाच-सात सेकंद थांबा. ती शांतता आपल्याला खुपते म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो, आणि त्याला कळतं की गप्प राहिलं की भागतं.

तोतरं बोलणारा असेल तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, ‘सावकाश, सावकाश’ही म्हणू नका. नेहमीसारखं ऐका, बस.

‘कधीही विचार हं’ हे वाक्यही निरुपयोगी आहे. कधीही म्हणजे कधी? तुम्ही फोनवर असता, मेल लिहीत असता, चेहरा आंबट असतो. वेळ बांधून द्या: साडेअकरा आणि साडेचार, दहा-दहा मिनिटं, अडलेल्याचा ट्रे घेऊन. या वेळेला तुम्ही त्याच्याकडे जायचं, त्याने तुमच्याकडे नाही. एरवी अडलं तर वीस मिनिटं स्वतः बघायचं, मग चिठ्ठी लावून पुढचं बिल घ्यायचं. तीन गोष्टींना मात्र वेळेचं बंधन नाही: पैसे बाहेर जाणार असतील, मेल ऑफिसबाहेर जाणार असेल किंवा काही पुसायचं असेल, तर मी मीटिंगमध्ये असलो तरी दार वाजव. हे तीनही त्याच पानावर लिहा.

फोन

आजच्या विशीतल्या मुलांना अनोळखी माणसाला फोन लावायची सवयच नसते. सगळं मेसेजवर चालतं. त्यात बुजरा असेल तर ‘लागत नाहीये सर’ असं सांगून तो दोन दिवस काढू शकतो, फोन न लावताच. याला आळस समजू नका. त्याची भीती पलीकडच्या माणसाची कमी आणि अलीकडच्यांची जास्त असते: आपण अडखळलो तर आजूबाजूचे चार जण ऐकतील. म्हणून पहिले आठ-दहा फोन त्याला रिकाम्या खोलीतून किंवा जिन्यातून करू द्या.

काय बोलायचं ते लिहून द्या, शब्द न् शब्द. ‘नमस्कार, मी अमुक, अमुक ऑफिसमधून, ठाण्याहून बोलतोय. तुमचं ०४५ नंबरचं बिल आमच्या २बीमध्ये दिसत नाहीये. जीएसटीआर-१ मध्ये ते दाखवलंय का, एवढं बघून सांगाल का? उद्या अकराला परत फोन करू का?’ खाली हिंदीतही लिहून ठेवा, कारण भिवंडीच्या गोडाऊनमधला माणूस उचलल्या उचलल्या ‘हाँ बोलो’ म्हणेल आणि मराठीत पाठ केलेलं सगळं विरून जाईल. कागदाच्या वर बिल नंबर, तारीख, रक्कम आणि पार्टीचा जीएसटी नंबर हे चारही आधी भरून ठेवायचे. समोरच्याने विचारलं की शोधाशोध नको.

आणि एक सुटकेचं वाक्य, मोठ्या अक्षरांत: ‘मी विचारून तुम्हाला पंधरा मिनिटांत परत फोन करतो.’ समोरचा ओरडला, भलतंच विचारलं, पैशांची भाषा काढली, काहीही झालं तरी हे वाक्य म्हणून फोन ठेवायची मुभा आहे, असं त्याला स्पष्ट सांगा. निसटायची वाट माहीत असली की मुलं आत पाऊल टाकतात.

क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात कुरियर आणि स्टेशनरीवाला, दिवसाला दोनच. दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या, गोड बोलणाऱ्या पार्ट्या. ज्यांच्याकडे आपली थकबाकी आहे त्यांना तीन महिन्यांत एकदाही नाही. थकबाकीदाराच्या शिव्या खायला इंटर्नला पुढे करणं ही काही ऑफिसांची आवडती युक्ती आहे. ती हलकी आहे.

जास्त बोलणारा

अवघडलेपणाची ही दुसरी तऱ्हा. क्लायंट समोर बसलेला असताना ‘सर, यांचं रिटर्न आपण मागच्या महिन्यात लेट भरलं ना?’ असं खणखणीत विचारणारा. खांद्यावरून वाकून स्क्रीन बघणारा. रात्री अकराला साहेबांना फॉरवर्ड पाठवणारा. याला खुणा कळत नाहीत, म्हणून खुणा करून उपयोग नाही. डोळे वटारले तर तो ‘डोळ्यात काही गेलं का सर’ म्हणेल.

त्याच दिवशी, बाजूला घेऊन, सरळ नियम सांगा आणि नियमासोबत पर्याय द्या. ‘क्लायंट असताना त्याच्या फाइलबद्दल बोलायचं नाही. काही आठवलं तर वहीत लिही, तो गेल्यावर मला दाखव. त्याने तुला थेट विचारलं तर ‘सर सांगतील’ म्हण.’ ‘जरा समजून वाग’ यातून त्याला काहीही समजत नाही. एका वेळी एकच नियम; पाच दिलेत तर पाचही जातील.

घामाच्या वासाचा विषय कधी ना कधी निघतोच. टिटवाळ्याहून गर्दीच्या लोकलने उभ्याने आलेल्या माणसाला मे महिन्यात दुसरं काय होणार? मुलाशी पुरुषाने, मुलीशी बाईने, एकदाच, दोन मिनिटांत बोलावं: ‘प्रवासात घाम येतो, आम्ही सगळे ड्रॉवरमध्ये एक शर्ट ठेवतो, तूही ठेव.’ टेबलावर डिओ आणून ठेवणं हा विनोद करू नका.

चूक झाली की

चारचौघांत नाही, ग्रुपवर नाही, ‘असू दे, मी करतो’ नाही. यातलं तिसरं सर्वात वाईट, कारण ते ऐकायला सौम्य वाटतं. त्या चार शब्दांत मुलाला कळतं की आपल्यावरचा विश्वास संपला, आणि चुकलं कुठे ते मात्र कळत नाही.

तीन वाक्यं पुरतात: काय झालं, त्याने काय होतं, आता काय कर. ‘या सहा बिलांत बिल नंबरच्या जागी चलन नंबर पडलाय. ती २बीशी जुळणार नाहीत, मग क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं की नाही ते ठरवता येणार नाही. ही सहाच उघड, नंबर बदल, साडेचारला दाखव.’ दुरुस्ती त्याच्याच हातून करून घ्या. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी वेळ नसेल तर तुम्ही करा, पण दुसऱ्या दिवशी दाखवा.

शाबासकीही अशीच नेमकी द्या. ‘व्हेरी गुड’ने तो लाजतो आणि विसरतो. ‘दोन बिलांचा नंबर एकच होता हे तू पकडलंस, पेमेंट दोनदा गेलं असतं’ हे तो घरी जाऊन सांगतो.

डबा आणि आडनाव

जेवायला बोलवा, पण दिवसाला एकदाच. नाही म्हणाला तर उद्या पुन्हा साधं विचारा, ओढून नेऊ नका. काहींना अर्धा तास एकटं बसणं हीच विश्रांती असते.

जेवताना आपल्याकडे एक उलटतपासणी ठरलेली असते: पूर्ण नाव काय, गाव कुठलं, म्हणजे मूळचे कुठले, वडील काय करतात, बारावीला किती पडले. विचारणाऱ्याला ही आपुलकी वाटते. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की ‘मूळचे कुठले’ या प्रश्नाला नेमकं काय शोधायचं असतं, आणि तो डबा घेऊन दुसऱ्या दिवशीपासून टेबलावरच जेवायला लागतो. मग आपण म्हणतो, मिसळत नाही. आडनावावरून जात काढायचा खेळ टेबलावर सुरू झाला तर तिथल्या ज्येष्ठ माणसाने विषय बदलावा. ठाण्यात कुठली मिसळ खरी तिखट, यावर वीस मिनिटं आरामात जातात.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. त्यात जुने वाद, जुने विनोद असतात. काम मेलवर किंवा थेट मेसेजवर द्या. आणि आठनंतर मेसेज नको; निळी खूण उमटली आणि उत्तर सुचलं नाही की ही मुलं रात्रभर तेच घोळवतात.

सहा वाजले की

घणसोलीहून किंवा कोपरखैरणेहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला, तिथे पूल चढून मेन लाइनला, मग बदलापूर किंवा टिटवाळा: हा प्रवास करणारा मुलगा सहाला उठला नाही तर त्याची ठरलेली गाडी जाते. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या मुळात कमी. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर. आणि ‘सर, जाऊ का?’ हे वाक्य बुजऱ्या मुलाच्या तोंडून निघत नाही. सगळे बसलेत म्हणून तोही काम नसताना साडेसातपर्यंत बसतो. सहाला पाच कमी असताना तुम्हीच म्हणा, ‘चल, आवर.’

पावसाळ्याचा नियम जूनच्या आधीच सांगून ठेवा: गाड्या बंद पडल्या तर कुणाला, किती वाजेपर्यंत, कसं कळवायचं. नाहीतर रुळांवर पाणी असताना तो कळव्यात अडकलेला असेल आणि ‘सर ओरडतील’ म्हणून फोन बंद करून ठेवेल.

बुजरेपणा नसतो तेव्हा

पहिल्या दिवसापासून गप्प असणं वेगळं आणि बोलता मुलगा अचानक गप्प होणं वेगळं. एका ठराविक माणसाच्या टेबलाकडे जायचं टाळणं, ठराविक दिवशीच सुट्टी, बाथरूममधून रडून येणं, डबा न खाणं, यांवर वरच्या युक्त्या लावू नका. तो ज्याच्या हाताखाली आहे त्याला सोडून दुसऱ्या कुणी शांतपणे विचारावं.

मुलीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही कर्मचारीच धरले जातात, विद्यावेतन असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ऑफिस असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-पनवेल रायगडात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणजे तीन महिन्यांची इंटर्नशिप संपेपर्यंत थांबून चालत नाही. समितीतल्या लोकांची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत. पहिल्या दिवशी बाथरूम दाखवताना तो कागदही दाखवा. मन खचलेलं वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

शेवटचा आठवडा

कॉलेजची लॉगबुक शेवटच्या दिवशी एकदम भरायला घेऊ नका. कॉलेजच्या ओजेटीसाठी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आलेल्या मुलाला केलेल्या कामाची नोंद आणि सही लागते. ती दर शुक्रवारी करून टाका. बुजरा मुलगा सही मागायला येत नाही आणि मग सबमिशनच्या आदल्या दिवशी त्याचे वडील फोन करतात. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आला असेल तर विद्यावेतन थेट त्याच्या खात्यात येतं. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना असे दर होते. आपल्याकडून हजेरी भरायची राहिली की त्याचे पैसे अडकतात, आणि तेही तो सांगणार नाही. विद्यावेतन तुम्ही स्वतः देत असाल तर तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा.

सर्टिफिकेटवर ‘अकाउंट्स विभागात काम केलं’ एवढंच नको. परचेस एंट्री, २बीचा ताळा, पार्ट्यांशी फोनवरून पाठपुरावा, असं नेमकं लिहा. मुलाखतीत त्याला स्वतःबद्दल बोलता येणार नाही. तो कागद तेवढा बोलेल.

जाण्याआधी दोन तास देऊन त्याच्याकडून एक पान लिहून घ्या: पुढच्या इंटर्नला पहिल्या आठवड्यात काय ठाऊक हवं. बोलायला लावू नका, लिहायला लावा. तुम्ही दिलेल्या पानापेक्षा ते बरंच वेगळं निघतं. त्यात बिलांच्याही आधी बाथरूमची चावी कुठल्या खिळ्याला असते ते लिहिलेलं असेल, तर ती ओळ खोडू नका.